विझलेल्या वणव्याचा माग

जिम हॅरिसनच्या घड्याळाचे काटे ५ वाजून ५६ मिनिटांवर उष्णतेने वितळले आणि तिथेच थांबले. तारीख ५ ऑगस्ट १९४९. जागा अमेरिकेच्या मोंटाना राज्यातली मॅन गल्च नावाची घळ. मिसुरी नदीला येऊन मिळणारी, दोन्ही अंगांना खडे उतार असलेली. त्या संध्याकाळी तिथल्या वणव्याने तेरा जणांचा बळी घेतला. त्यांतले बारा स्मोकजंपर होते, म्हणजे जिथे रस्ता पोचत नाही अशा जंगलात विमानातून पॅराशूटने उतरून आग विझवणारे तरुण. तेरावा हॅरिसन. नदीकाठच्या तळावरून आगींवर नजर ठेवणं हे त्याचं काम होतं, आणि मदत येईपर्यंत तो चार तास एकटाच त्या आगीशी झुंजला होता. मॅन गल्चबद्दल पुढे जे जे मोजलं गेलं, त्यात या घड्याळाइतकी ठाम वेळ दुसरी नाही. बाकीचं सगळं तिथून मागे मोजत जावं लागतं.

हे मागे मोजत जाणं हाच या पुस्तकाचा विषय आहे. होऊन गेलेला वणवा संगणकात पुन्हा उभा करायचा. तो कुठून निघाला, कोणत्या मिनिटाला कुठे पोचला, ज्वाळा किती उंच होत्या, वाटेतल्या माणसांच्या हाती किती वेळ होता, हे समीकरणांतून काढायचं आणि डोळ्यांना दिसेल असं मांडायचं. काम गणिताचं आहे. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न माणसांचा आहे. ती माणसं वाचू शकली असती का? चूक कुणाची होती? हे प्रश्न मेलेल्यांचे आप्त वर्षानुवर्षं विचारत राहतात आणि त्यांना प्रामाणिक उत्तर मिळायला हवं. या विषयाची सुरुवात संगणकापासून न करता मी मॅन गल्चपासून करतो आहे ती म्हणूनच.

पूर ओसरला की भिंतीवर पाण्याची रेघ राहते. भूकंपाचा आलेख शेकडो मैलांवरच्या यंत्रावर उमटतो. वणवा मात्र आपला पुरावा जाळत पुढे जातो. गवत किती उंच होतं हे सांगायला गवत उरत नाही, वारा मोजायला त्या घळीत यंत्र नसतं, आणि ज्यांनी आग सर्वांत जवळून पाहिली ते बहुतेकदा सांगायला मागे राहत नाहीत. तरीही काही उरतं. खोडाच्या कोणत्या बाजूला काजळी जास्त उंच चढली आहे, पाइनच्या सुया कोणत्या दिशेला वाकून तशाच कडक झाल्या आहेत, दगडाचं कोणतं अंग काळवंडलं आणि कोणतं कोरं राहिलं, यावरून आग कुठून कुठे गेली हे जाणकार तपासनीस वाचू शकतात. शतकांपूर्वीच्या वणव्यांची नोंद झाडांच्या वर्षवलयांत सापडते. आग बुंध्याला चाटून गेली आणि झाड जगलं, तर त्या वर्षीच्या वलयात जखम राहते. वलयाच्या कोणत्या भागात ती आहे यावरून ऋतूसुद्धा ओळखता येतो. या खुणा साल सांगतात, दिशा सांगतात. वेग सांगत नाहीत. वेगासाठी भौतिकशास्त्राकडेच जावं लागतं.

मोंटानातल्याच मिझूला शहरात अमेरिकेच्या वनखात्याने १९६० साली वणव्यांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उघडली. मॅन गल्चमधल्या मृत्यूंचं ओझं त्या निर्णयामागे होतं. तिथे रिचर्ड रॉथरमेल हा विमानविद्येचा अभियंता वाऱ्याच्या बोगद्यात लाकडाच्या काड्या रचून त्या जाळून पाहत असे. १९७२ साली त्याने वणव्याच्या वेगाचं जे समीकरण मांडलं, ते आजही जगभरातल्या कितीतरी सॉफ्टवेअरच्या पोटात आहे.

त्यामागचा विचार कुणालाही समजेल असा आहे. जळणारा पट्टा पुढच्या न जळलेल्या गवताला उष्णता देतो, ही झाली आवक. ते गवत पेटण्याइतकं तापवायला जेवढी उष्णता लागते, तो झाला खर्च. आवकेला खर्चाने भागलं की आगीचा वेग मिळतो. वारा आणि चढ आवक वाढवतात, गवतातला ओलावा खर्च वाढवतो. चढाचा परिणाम तर वर्गाच्या प्रमाणात वाढतो: चढाचं प्रमाण दुप्पट झालं की वेगातला त्याचा वाटा चौपट होतो, कारण चढावर ज्वाळा पुढच्या गवताच्या अंगावरच झुकलेल्या असतात.

ओलाव्याचा हिशोब मला या सगळ्यात सर्वांत वेधक वाटतो. मेलेलं गवत किंवा सहा मिलिमीटरपेक्षा बारीक काडी हवेतल्या दमटपणाशी तासाभरात जुळवून घेते; म्हणून तिला ‘एका तासाचं जळण’ म्हणतात. अंगठ्याएवढी फांदी दहा तासांची, मनगटाएवढी शंभर तासांची. याचा अर्थ असा, की सकाळी दमट असलेला गवताळ उतार दुपारी चार वाजता पूर्णपणे वेगळा असतो, मग त्या दिवशी पाऊस पडो वा न पडो. रॉथरमेलच्या समीकरणावर आधारलेल्या मॉडेलमध्ये आखूड गवताच्या ठरावीक वर्गात ओलावा १२ टक्क्यांवर गेला की आग सरकतच नाही. अडीच फुटी उंच गवतात हीच मर्यादा २५ टक्के धरलेली आहे. म्हणजे जुन्या वणव्याची पुनर्रचना करणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा लागतो तो हा, की त्या दिवशी त्या उतारावर गवत कोणत्या जातीचं होतं, किती उंच होतं आणि त्यात पाणी किती उरलं होतं. उत्तर जळून गेलेलं असतं. मग जवळच्या हवामान केंद्राची नोंद, शेजारच्या न जळलेल्या उताराची छायाचित्रं आणि वाचलेल्यांच्या आठवणी यांवर भिस्त ठेवावी लागते.

मॅन गल्चमध्ये काय झालं ते आता नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

४ ऑगस्टच्या वादळात वीज पडून घळीच्या दक्षिणेकडच्या धारेवर आग लागली. दुसऱ्या दिवशी हेलेना शहरात पारा ९७ फॅरनहाइटवर, म्हणजे ३६ सेल्सिअसवर होता. मिझूलाहून सी-४७ विमान निघालं आणि दुपारी चारच्या सुमारास पंधरा जण घळीच्या वरच्या भागात उतरले. हवा फार उसळती होती, म्हणून सामान नेहमीपेक्षा उंचावरून टाकावं लागलं आणि ते विखुरलं. रेडिओचं पॅराशूट उघडलंच नाही. रेडिओचा चक्काचूर झाला. समोरच्या अंगाची आग कुणाला फार भयंकर वाटली नाही. पथकाचा म्होरक्या वॅग्नर डॉज हॅरिसनला गाठायला गेला, त्याला घेऊन परतला, आणि सगळ्यांना घळीच्या उत्तर अंगाने खाली नदीकडे घेऊन निघाला. बेत शहाणपणाचा होता: पाठीशी नदी असली की माघार घ्यायला जागा राहते.

पावणेसहाच्या सुमारास डॉजला दिसलं, की खालच्या बाजूला आग घळ ओलांडून त्यांच्याच उतारावर आली आहे. नदीची वाट बंद झाली होती. त्याने पथकाला मागे फिरवलं आणि घळीच्या वरच्या तोंडाकडे, तिरकं चढत नेलं. काही मिनिटांनी हत्यारं टाकून द्यायला सांगितली. उत्तर अंगावर झाडं विरळ आणि गवत उंच, वाळलेलं. चढ काही ठिकाणी ७६ टक्के, म्हणजे जवळजवळ सदतीस अंशांचा. आग अगदी जवळ आल्यावर डॉज थांबला, त्याने काडी ओढली आणि आपल्या पुढ्यातलं गवत पेटवलं. ते जळून गेलेल्या राखेत शिरा, असं तो बाकीच्यांना सांगत होता. कुणीही थांबलं नाही. मागून वणवा येत असताना पुढे आग लावणारा माणूस त्यांना कसा दिसला असेल याची कल्पना करता येते. वनखात्याच्या प्रशिक्षणात तेव्हा असं काही शिकवलेलं नव्हतं. डॉज तोंडावर ओला रुमाल धरून राखेत पालथा पडला. वणवा त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. रॉबर्ट सॅली आणि वॉल्टर रम्सी हे दोघे वरच्या खडकातल्या एका कपारीतून धारेपलीकडे निसटले. सॅली सतरा वर्षांचा होता. बाकीचे उतारावर सापडले. त्यांतले दोघे दुसऱ्या दिवशी रुग्णालयात वारले.

त्यानंतरचा वाद अनेक वर्षं चालला. डॉजने लावलेल्या आगीनेच वरच्या पोरांची वाट अडवली, असा आरोप झाला. वारा घळीतून वरच्या तोंडाकडे वाहत होता. मग ती आगही त्याच दिशेला, पळणाऱ्या माणसांच्याच वाटेवर जायला हवी. सॅली आणि रम्सी मात्र सांगत, की ती आग सरळ धारेकडे चढली आणि तिच्या कडेकडेनेच आम्ही वर गेलो. डॉज स्वतः १९५५ साली आजाराने वारला. वादाला तोंड द्यायला मागे राहिले हे दोघे.

इथे नॉर्मन मॅक्लेन या माणसाचा प्रवेश होतो. शिकागो विद्यापीठात आयुष्यभर इंग्रजी साहित्य शिकवलेला, मोंटानात वाढलेला, तरुणपणी वनखात्यात राबलेला हा प्राध्यापक निवृत्तीनंतर मॅन गल्चच्या मागे लागला. १९७८ साली त्याने सॅली आणि रम्सीला पुन्हा त्या घळीत नेलं. दोघांनी जागा दाखवल्या. मग जमिनीवर सापडलेल्या वस्तू आणि त्यांची आठवण यांचा मेळ बसेना. तीस वर्षांत आठवण सरकली होती, आणि तिचा प्रामाणिकपणा वादातीत असतानाही ती सरकली होती. मॅक्लेनने त्यांना खोटं पाडलं नाही. तो मिझूलाच्या प्रयोगशाळेत गेला आणि रॉथरमेल व फ्रँक अल्बिनी या दोघांना विचारलं: तुमचं गणित याबद्दल काय सांगतं? मॅक्लेन १९९० साली वारला; त्याचं ‘यंग मेन अँड फायर’ हे पुस्तक १९९२ साली प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी रॉथरमेलने मॅन गल्चवरचा आपला अहवाल काढला. ती शर्यत जिंकता येण्यासारखी नव्हती, असं त्या अहवालाचं नावच सांगतं.

त्या कामात एक साधा आलेख आहे. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर. एक रेघ माणसांची, दुसरी आगीची. सुरुवातीला दोन रेघांमध्ये चांगलं अंतर आहे. मग चढ वाढत जातो तशी माणसांची रेघ आडवी होऊ लागते, कारण दमलेला माणूस खड्या चढावर सावकाश चालतो. आणि त्याच चढामुळे आगीची रेघ उभी होऊ लागते. उतार एकच, पण तो एकाला मागे खेचतो आणि दुसऱ्याला पुढे ढकलतो. अखेरच्या टप्प्यात आग मिनिटाला सहाशे फुटांच्या आसपास धावत होती असं गणित सांगतं. दोन्ही रेघा जिथे भेटतात ती वेळ घड्याळातल्या वेळेच्या जवळच येते. रंग नाहीत, ज्वाळा नाहीत, हलणारं काही नाही. तरी या विषयातलं इतकं प्रामाणिक चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. जे माहीत आहे तेवढंच ते दाखवतं, आणि ‘अजून जोरात पळायला हवं होतं’ हा मेलेल्यांवरचा ठपका कायमचा पुसून टाकतं.

डॉजच्या आगीबद्दल गणिताने काय सांगितलं? मोठा वणवा जवळ येतो तेव्हा त्याच्यावरची तापलेली हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला आजूबाजूची हवा आत ओढली जाते. त्यामुळे वणव्याच्या अगदी पुढ्यात वाऱ्याचा जोर काही क्षण मोडू शकतो किंवा वारा उलटूही शकतो. वारा मोडला की लहान आगीवर सत्ता उरते ती चढाची, आणि मग ती सरळ धारेकडे चढते. म्हणजे सॅली आणि रम्सी सांगत होते तसं घडणं शक्य होतं. ‘तसंच घडलं’ असं म्हणायला मात्र गणित तयार नाही, आणि तेच त्याचं मोल आहे. साक्षीदाराचं बोलणं निसर्गनियमांत बसतं की नाही एवढं ते तपासतं. ज्याच्यावर आरोप झाला त्याच्या दृष्टीने तेवढंही फार असतं.

या समीकरणाच्या मर्यादा वाचकाने पहिल्यापासून लक्षात ठेवाव्यात. रॉथरमेलचं मॉडेल जमिनीलगतच्या, एकसारख्या जळणातून एकसारख्या वेगाने सरकणाऱ्या आगीचं आहे. उडून जाणारे निखारे त्यात येत नाहीत. आगीचे भोवरे येत नाहीत. झाडांच्या शेंड्यांतून धावणारी आग येत नाही. आणि मॅन गल्चमधला निर्णायक क्षण नेमका यांच्यावरच उभा आहे: आग घळ ओलांडून उत्तर अंगाला आली कशी? निखाऱ्यांनी, की भोवऱ्याने? त्या दिवशी नदीकडून घळीच्या तोंडाशी आलेल्या वनाधिकाऱ्याला भोवऱ्यातून कसाबसा जीव वाचवून मागे फिरावं लागलं होतं. रॉथरमेलला तो क्षण समीकरणातून काढता आला नाही. साक्षींवरून तो गृहीत धरून पुढची मिनिटं मोजावी लागली.

ही समीकरणं रानात कशी पोचली याची गोष्टही सांगण्यासारखी आहे. आधी कागदी आलेख होते, त्यांवर पट्टी ठेवून वेग काढत. १९७९च्या सुमारास टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-५९ या हातात मावणाऱ्या गणकयंत्रासाठी वणव्याची खास चिप निघाली, आणि आगीसमोर उभ्या असलेल्या माणसाला तिथेच आकडा मिळू लागला. ऐंशीच्या दशकात ‘बिहेव’ हे संगणकाचं सॉफ्टवेअर आलं. नव्वदच्या दशकात मार्क फिनीने ‘फारसाइट’ घडवलं, आणि एका रेषेवरचा वेग नकाशावर पसरला. त्याची युक्ती सतराव्या शतकातल्या हायगेन्स या डच शास्त्रज्ञाच्या प्रकाशलहरींच्या सिद्धांतावरून घेतली आहे. आगीच्या कडेवरचा प्रत्येक बिंदू स्वतःची एक छोटी लंबवर्तुळाकार आग पेटवतो असं धरायचं. या सगळ्या लंबवर्तुळांना बाहेरून लपेटणारी रेषा म्हणजे पुढच्या क्षणाची आगीची कड. लंबवर्तुळाचा आकार वारा आणि चढ ठरवतात. खाली जमिनीचे चौकोन पाडलेले असतात, आणि प्रत्येक चौकोनाची उंची, उतार, उताराचं तोंड, जळणाचा प्रकार आणि झाडोऱ्याची दाटी संगणकाला आधी द्यावी लागते.

२००९ साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारीला जे झालं, त्याने या शास्त्राची मोठी परीक्षा घेतली. त्या एका दिवसात लागलेल्या वणव्यांत १७३ माणसं गेली. त्यांतली ११९ एकट्या किलमोर ईस्टच्या आगीत. ती आग दुपारी बाराच्या किंचित आधी विजेच्या तारेपासून सुरू झाली. निखारे तीस किलोमीटरहून पुढे जाऊन पडले. आणि संध्याकाळी वाऱ्याने दिशा बदलताच आगीची लांबलचक बगल हीच तिची आघाडी झाली. अशा आगीचा मिनिटामिनिटाचा नकाशा काढायचा तर निखारे आणि वाऱ्याचं वळण वगळून चालत नाही. तिथल्या संशोधकांनी विमानातले फोटो, अग्निशमन दलाची संभाषणं, लोकांचे फोन आणि हवामान केंद्रांच्या नोंदी जुळवून तो काढला. त्या कामात संगणकाइतकीच चिकाटी लागली.

त्याहून पुढची पायरी म्हणजे आग आणि हवा यांना एकत्र सोडवणारी मॉडेलं. साध्या मॉडेलमध्ये वारा बाहेरून दिला जातो, आग फक्त तो सोसते. प्रत्यक्षात मोठी आग आपला वारा स्वतः तयार करते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रात जॅनिस कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वातावरणाचं मॉडेल आगीच्या मॉडेलला जोडलं, आणि कॅलिफोर्नियातली २०१४ची ‘किंग फायर’ पुन्हा चालवून पाहिली. दुष्काळाने वाळलेलं जंगल हेच त्या आगीच्या धावेचं कारण, असं सगळ्यांना वाटत होतं. संगणकात जळण कमी वाळलेलं आहे असं धरून तीच आग पुन्हा लावली, तरी दरीतून ती जवळपास तशीच धावली. तिला ओढणारा वारा मुख्यतः तिनेच निर्माण केलेला होता. सिम्युलेशनचा खरा फायदा मला इथे दिसतो. इतिहासात ‘जर’ चालत नाही, असं आपण म्हणतो. इथे ‘जर’ चालवून पाहता येतं, आणि कारण म्हणून जे सगळ्यांच्या तोंडी बसलं आहे, ते खरंच कारण होतं का हे कळतं.

काळात आणखी मागे गेलं की पुरावा विरळ होतो. १९१० सालच्या ऑगस्टमध्ये, २० आणि २१ या दोन दिवसांत, आयडाहो आणि मोंटानात सुमारे तीस लाख एकर जंगल जळालं. उपग्रह नव्हते, वरच्या थरातल्या हवेची मोजणी जवळपास नव्हती. पण हवेचा दाब मात्र जहाजांवर आणि केंद्रांवर रोज लिहिला जात होता. त्या दाबाच्या नोंदींवरून अख्ख्या पृथ्वीचं जुनं हवामान संगणकात पुन्हा बांधण्याचं काम गेल्या दोन दशकांत झालं, आणि त्यावरून १९१०च्या त्या दोन दिवसांच्या वाऱ्यांचा अंदाज बांधता आला. शंभर वर्षांपूर्वी नेमून दिलेल्या वेळी दाबमापक पाहून वहीत आकडा लिहिणाऱ्या माणसाला हा उपयोग स्वप्नातही सुचला नसेल.

आता चित्राबद्दल. आकडे तक्त्यात राहिले तर ते फक्त जाणकार वाचतात. आगीची कड नकाशावर सरकताना दिसली की गावातला माणूस, न्यायाधीश, नवखा वनरक्षक, सगळ्यांना ती कळते. अमेरिकेत नव्या जवानांना जुन्या वणव्यांच्या जागी चालवत नेऊन, प्रत्येक वळणावर ‘इथे तुम्ही असता तर काय केलं असतं?’ असं विचारण्याची पद्धत आहे; मॅन गल्च हे त्यातलं एक ठिकाण. जिथे जाता येत नाही तिथे त्रिमितीय दृश्य तेच काम करू शकतं. काही विद्यापीठांनी चारी बाजूंनी पडदे असलेल्या खोल्यांत वणवा उभा केला आहे; त्यात उभं राहिलं की चढ डोळ्यांना जाणवतो, जो सपाट नकाशावर कधीच जाणवत नाही.

पण चित्र जितकं सुंदर, तितका त्याचा अधिकार वाढतो, आणि तो अधिकार त्याने कमावलेला असतोच असं नाही. गणित सांगतं की आग या वेळी या पट्ट्यात कुठेतरी होती. चित्रात मात्र ती एका ठरावीक झाडाला भिडलेली दिसते. ते झाड तिथे होतं का? बहुतेकदा कुणालाच माहीत नसतं. दृश्य भरगच्च दिसावं म्हणून संगणकाने ते उगवलेलं असतं. पाहणारा ते विसरतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की ऐतिहासिक वणव्याचं एकच एक चित्र कधीही दाखवू नये. वारा थोडा कमी, थोडा जास्त, गवत थोडं ओलं, थोडं कोरडं असं धरून तीच आग शंभर वेळा चालवावी आणि सगळ्या कडा एकावर एक दाखवाव्यात. जिथे त्या दाट पडतात तिथे आपली खात्री जास्त, जिथे फाकतात तिथे कमी. असं चित्र पाहायला धूसर असतं, आणि त्या दिवसाबद्दलचं आपलं ज्ञानही तेवढंच धूसर असतं.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. वारा हवा तसा फिरवत गेलं तर कोणतीही आग ५ वाजून ५६ मिनिटांनी हव्या त्या जागी आणता येते. मग ‘मॉडेलने घड्याळाची वेळ सिद्ध केली’ असं म्हणणं म्हणजे स्वतःच लपवलेली वस्तू स्वतःच शोधून काढणं. चांगला संशोधक पुराव्याचा एक तुकडा बाजूला ठेवतो, तो मॉडेलला दाखवत नाही, आणि शेवटी मॉडेल त्याच्याशी जुळतं का हे पाहतो. पुढची पानं वाचताना वाचकाने प्रत्येक पुनर्रचनेला हा प्रश्न विचारावा: कोणता पुरावा बांधकामात वापरला आणि कोणता तपासणीसाठी राखून ठेवला?

आणि एक मर्यादा गणिताबाहेरची. मॅन गल्चच्या उतारावर जिथे जिथे ते तेरा जण सापडले, तिथे तिथे एकेक स्मारकखूण उभी आहे. पुनर्रचनेसाठी त्या जागा म्हणजे अक्षांश-रेखांश, आणि फार मोलाचे, कारण माणसं कुठवर पोचली हे त्यांवरून कळतं. तरीही पळणाऱ्या माणसांच्या आकृत्या पडद्यावर नाचवण्याची काही गरज नाही. बिंदू पुरतो. ती कुणाची तरी मुलं होती, हे विसरून केलेलं चित्र कितीही अचूक असलं तरी मला ते नको आहे.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. होळीच्या आगेमागे सह्याद्रीचे उतार मॅन गल्चच्या उत्तर अंगासारखेच असतात: वाळलेलं उंच गवत, विरळ झाडं, खडा चढ आणि दुपारी दरीतून वर येणारा वारा. मार्च २०१८मध्ये तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात गिर्यारोहकांचा गट अशाच उतारावर आगीत सापडला आणि वीसहून अधिक जण दगावले. आपल्याकडे उन्हाळ्याआधी वनखातं जाळरेषा काढतं, उपग्रहाचे इशारे वनरक्षकाच्या फोनवर येतात. पण उपग्रह एका जागेवरून दिवसात मोजक्याच वेळा जातो, आणि त्याचा एक ठिपका शेकडो मीटरचा असतो. दुपारी दोनला लागून अंधार पडेपर्यंत विझलेला गवताचा वणवा त्याच्या नोंदीत एखादा ठिपका म्हणून येतो किंवा येतही नाही. उद्या कुणाला त्या आगीची पुनर्रचना करायची झाली, तर हाताशी काय असेल?

म्हणून वाचकांना, विशेषतः वनरक्षक, वनव्यवस्थापन समित्यांचे सदस्य, डोंगरावर राहणारे गावकरी आणि गिर्यारोहक यांना, माझी एक विनंती आहे. वणवा दिसला की आधी स्वतःला आणि इतरांना त्याच्या वरच्या चढावरून बाजूला काढा, वनखात्याला कळवा. जीव सुरक्षित झाला की चार गोष्टी लिहून ठेवा: आग कोणत्या वेळी कुठे होती, वारा कुठून होता, गवत किती उंच होतं आणि किती वाळलेलं होतं, आणि उतार कोणत्या बाजूला तोंड करून होता. फोनवर एक फोटो काढा. त्यावर वेळ आपोआप नोंदली जाते. ही नोंद गावातल्या शाळेत, ग्रामपंचायतीत किंवा वनपालाकडे द्या आणि तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.